रेषा चालतात, तसवीर चालत नाही?

माझ्या भाचीने शासकीय रेखाकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली, ग्रेड चांगली आली, आणि घरात नवाच प्रश्न उभा राहिला. तिला बारावीनंतर जे. जे.मध्ये जायचंय. बाजीची, म्हणजे तिच्या आईची हरकत नाही. पण ईदच्या दिवशी आमचे थोरले चाचा आले, त्यांनी तिची चित्रांची वही चाळली. त्यात स्मरणचित्राचा सराव होता. भाजीबाजार, बसस्टॉप, नळावरची रांग. सगळीकडे माणसंच माणसं. चाचा रागावले नाहीत, त्यांनी वही हळूच मिटली आणि म्हणाले, "बेटा, हात छान आहे तुझा. पण जानदारांच्या तसविरी काढणं आपल्यात बरं नाही. फुलं काढ, नक्षी काढ."

ती गप्प राहिली. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "मामू, मग मी नुसत्या रेषाच काढते. त्या तर चालतात ना?"

ती चिडून म्हणाली होती. पण तिच्या त्या वाक्यात एक समज दडलेली आहे, जी आपल्याकडे शिकलेल्या लोकांतही सर्रास आढळते. मुसलमान चित्रकार अमूर्ताकडे वळतो कारण त्याच्या धर्मात चित्र मना आहे. हिंदू चित्रकार अमूर्ताकडे वळतो कारण त्याच्याकडे निर्गुण आहे, शून्य आहे, बिंदू आहे. आणि युरोपातला वळतो तो विज्ञानयुगामुळे, त्याचा धर्माशी संबंध नाही. तीन धर्म, तीन खाने, हिशोब पूर्ण. मी गेले काही महिने या विषयावर जे वाचलं त्यावरून मला हे तिन्ही खाने चुकीचे वाटू लागले आहेत. भाचीला जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो.

आधी शब्दांकडे बघू

मराठीत आपण 'अमूर्त' म्हणतो. या शब्दाच्या पोटातच मूर्ती आहे. जे मूर्तीत आलेलं नाही ते अमूर्त. म्हणजे हा शब्द उच्चारला की आपण नकळत सगुण-निर्गुणाच्या जुन्या वादात पाय ठेवतो. हा वाद आपल्या संतांनी चारशे-सातशे वर्षं घातला, आणि त्यात श्रीगोंद्याचे शेख महंमदही होते. 'योगसंग्राम' लिहिणारा हा संत जन्माने मुसलमान होता आणि मराठीत लिहीत होता.

उर्दूत अमूर्त चित्रकलेला 'तजरीदी मुसव्विरी' म्हणतात. तजरीद म्हणजे सोलून काढणं, आवरण उतरवणं. सूफींच्या बोलीत हाच शब्द जगाची ओढ उतरवून ठेवण्यासाठी वापरला जातो. आणि मुसव्विर म्हणजे चित्रकार. पण अल्-मुसव्विर हे अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक आहे, आकार देणारा. सूरह हश्रच्या शेवटच्या आयतीत ते येतं. चाचांच्या मनातली भीती इथून येते. जे नाव त्याचं, ते काम माणसाने करायचं का?

ती भीती खोटी नाही आणि तिची थट्टा करू नये. कुरआनात चित्र काढण्यावर थेट बंदीची आयत नाही, मूर्तिपूजेला मात्र स्पष्ट मनाई आहे. चित्रकारांबद्दलची कडक वचनं हदीसमध्ये आहेत. तुम्ही जे घडवलंत त्यात आता जीव घाला, असं कयामतच्या दिवशी त्यांना सांगितलं जाईल, अशा आशयाची. चाचांनी जो सल्ला दिला, फुलं काढ, झाडं काढ, त्यालाही आधार आहे. चित्रांवर पोट भरणाऱ्या एका माणसाला इब्ने अब्बास यांनी हाच मार्ग सुचवल्याची नोंद हदीसमध्ये आहे.

पण मुसलमानांच्या इतिहासात दुसरीही बाजू आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराचं मत नोंदवलं आहे. चित्रकार सजीवाचं चित्र काढतो, एकेक अवयव रेखाटतो, आणि शेवटी त्याला कळतं की यात प्राण घालणं आपल्या हातात नाही. म्हणजे चित्र काढता काढताच त्याला देणाऱ्याची आठवण होते. एकच प्रश्न, एकाने त्यात धोका पाहिला, दुसऱ्याने इबादत पाहिली. इराणात, हिरातमध्ये, मुघल दरबारात, आपल्या दख्खनमध्ये अहमदनगर-विजापूर-गोवळकोंड्याला मुसलमान सुलतानांच्या आश्रयाने माणसांनी भरलेली चित्रं निघाली. त्यामुळे 'इस्लाम म्हणजे चित्र नाही' हे वाक्य एवढ्या सोप्या रीतीने म्हणता येत नाही.

गिरगावातून म्युनिकला

आता युरोपकडे. अमूर्त चित्रकला कुणी सुरू केली यावर वाद आहे, पण ज्यांची नावं घेतली जातात त्यांच्यात एक गोष्ट समान दिसते. ही सगळी धार्मिक वृत्तीची माणसं होती, आणि आपापल्या चर्चच्या चौकटीत त्यांचं समाधान होत नव्हतं.

स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांनी १९०६ मध्ये, म्हणजे कांडिन्स्कीच्याही आधी, वर्तुळं, सर्पिल रेषा, पाकळ्यांसारखे आकार यांची चित्रं सुरू केली. चार मैत्रिणींसोबत त्या प्रार्थना आणि प्रेतात्म्यांशी संवादाच्या बैठकी करत. 'मंदिरासाठीची चित्रं' या मालिकेत १९१५ पर्यंत १९३ चित्रं झाली. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही चित्रं कुणाला दाखवू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. १९४४ मध्ये त्या गेल्या. जगाला त्यांची नीट ओळख व्हायला पुढे अनेक दशकं लागली.

डच चित्रकार मोंड्रियान कडक कॅल्व्हिनपंथी घरातला. १९०९ मध्ये तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. झाडं रंगवता रंगवता तो फक्त उभ्या-आडव्या रेषांवर येऊन थांबला. रशियन मालेविचने १९१५ च्या डिसेंबरमध्ये पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात आपला काळा चौकोन खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला. रशियन ख्रिस्ती घरात त्याच कोपऱ्यात देवाची प्रतिमा ठेवतात. ज्या जागी प्रतिमा असायची त्या जागी त्याने काहीच नसलेला चौकोन ठेवला. याला धर्म नाकारणं म्हणा किंवा धर्माचा शेवटचा टप्पा म्हणा, पण धर्माशी संबंध नाही असं म्हणता येणार नाही.

आणि कांडिन्स्की. त्याचं कलेतल्या आध्यात्मिकतेबद्दलचं पुस्तक १९११ च्या अखेरीस म्युनिकमध्ये आलं. त्यात त्याने थिऑसॉफिकल सोसायटीचा आणि मादाम ब्लाव्हाट्स्कींचा आदराने उल्लेख केला आहे. तो स्वतः शेवटपर्यंत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राहिला. कयामत, महापूर, संत हे त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत रंगांखाली दडलेले आहेत. पण विचाराला वाट मिळाली ती थिऑसॉफीतून.

ही थिऑसॉफी कुठून गेली? १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली ही सोसायटी घेऊन ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि गिरगाव बॅक रोडवर बिऱ्हाड केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी मुंबईतून 'द थिऑसॉफिस्ट' मासिक काढलं. ते आपली कार्ल्याची लेणी बघून आले, पंडितांशी, पारशांशी, बौद्धांशी चर्चा केल्या. १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला. पुढे अ‍ॅनी बेझंट आणि लेडबीटर यांनी 'विचाररूपे' या अर्थाच्या नावाचं एक छोटं पुस्तक काढलं. राग, भक्ती, भीती या भावनांना रंग आणि आकार असतात असं सांगून त्यांनी त्यांची रंगीत चित्रंच छापली. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं हे पुस्तक. त्यातली चित्रं कशाचीही नक्कल नव्हती. कांडिन्स्कीला ते माहीत होतं.

म्हणजे वेदान्त, बौद्ध विचार, थोडी गूढविद्या आणि बराचसा गैरसमज यांचं एक गाठोडं बांधून मुंबई-मद्रासमार्गे युरोपात गेलं आणि तिथल्या चित्रकारांच्या टेबलावर पडलं. त्यांना त्यातून एकच परवानगी हवी होती, दिसणाऱ्या वस्तूशिवायही चित्रात अर्थ असू शकतो याची. ती मिळाली.

आता इस्लामचा धागा. १९१० मध्ये म्युनिकमध्ये इस्लामी कलेचं एक प्रचंड प्रदर्शन भरलं होतं. गालिचे, धातूकाम, कापड, हस्तलिखितं अशा साडेतीन हजारांहून अधिक वस्तू होत्या. मातीस मुद्दाम ते बघायला आला. कांडिन्स्की म्युनिकमध्येच राहत होता, त्याने एका रशियन नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. आपल्याला वाटेल, मुसलमानी भौमितिक नक्षी बघून तो अमूर्ताकडे वळला असेल. पण त्याला भारावून टाकलं ते इराणी लघुचित्रांनी. माणसं, घोडे, बागा असलेली ती चित्रं! त्यांतले रंग वस्तूच्या सावलीला बांधलेले नाहीत, आपापल्या जागी मोकळे उभे आहेत, हे त्याला दिसलं.

चार वर्षांनी, १९१४ च्या एप्रिलमध्ये पाउल क्ले दोन मित्रांबरोबर ट्युनिशियाला गेला. कैरवान हे जुन्या मशिदीचं शहर. तिथल्या पांढऱ्या भिंती आणि उजेड बघून, आपल्याला आता रंग सापडला, अशी नोंद त्याने केली. तिथून पुढची त्याची चित्रं रंगीत चौकोनांकडे झुकली. या क्लेची गोष्ट लक्षात ठेवा, ती आपल्याला मुंबईत परत भेटणार आहे.

परतीचा प्रवास

१९२२ च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं. कांडिन्स्की आणि क्ले यांची चित्रं त्यात होती. मुंबईला ही हवा जरा उशिरा लागली. १९३० च्या दशकात जर्मनी-ऑस्ट्रियातून काही माणसं हिटलरपासून दूर म्हणून मुंबईत आली. वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलादिग्दर्शक झाले, रुडॉल्फ फॉन लायडन कलेवर लिहू लागले, एमान्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेऊ लागले. जे. जे.च्या पोरांना युरोपातली नवी चित्रं छापील स्वरूपात बघायला मिळाली ती बरीचशी यांच्याकडे.

या पोरांतला एक वासुदेव गायतोंडे. मूळचं घराणं गोव्याचं, जन्म १९२४ चा नागपूरचा, वाढला मुंबईत. १९४८ मध्ये जे. जे.ची पदविका घेतली. सुरुवातीला त्याने भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला. मग त्यातल्या माणसांच्या आकृत्या हळूहळू काढून टाकल्या आणि रंगांचे पट्टे तेवढे ठेवले. त्याच सुमारास क्लेच्या चित्रांनी त्याला पकडलं. कांडिन्स्की इराणी लघुचित्रांतून गेला, गायतोंडे भारतीय लघुचित्रांतून गेला. दोघांचीही अमूर्ताकडची वाट 'तसविरी'तून गेली आहे, तिला टाळून नाही. आणि क्लेमार्फत कैरवानचा थोडा उजेडही त्याच्यापर्यंत आला.

गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणत नसे. वस्तू काढून घेतलेलं चित्र नव्हे, वस्तूशी देणंघेणंच नसलेलं चित्र, असं त्याचं म्हणणं. झेनचा विचार त्याला जवळचा होता. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज यांचाही. यातले निसर्गदत्त महाराज म्हणजे खेतवाडीत विड्यांचं दुकान चालवणारा गृहस्थ. पोटमाळ्यावरच्या खोलीत ते मराठीतून बोलत आणि देशोदेशीची माणसं ऐकायला येत. मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसाने त्यांची संभाषणं १९७३ मध्ये इंग्रजीत आणली आणि ते जगप्रसिद्ध झाले. खेतवाडी गिरगावातच. ज्या गल्ल्यांतून थिऑसॉफीचं गाठोडं युरोपला गेलं, तिथल्याच एका पोटमाळ्यावरचा विचार नव्वद वर्षांनी एका मराठी चित्रकाराला पुरला. मध्ये कांडिन्स्की आणि क्ले यांची फेरी झाली एवढंच.

पण गायतोंडेच्या चित्रात धर्म शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. ओम नाही, मंडल नाही, स्वस्तिक नाही. रोलरने, पट्टीने रंगाचे थर द्यायचे, पुसायचे, कागदाचे तुकडे ठेवून ठसे उठवायचे. आणि मग दिवसेंदिवस बसून राहायचं. वर्षाला मोजकीच चित्रं, त्याहून जास्त नाहीत. १९७२ मध्ये तो दिल्लीला गेला आणि निजामुद्दीन ईस्टमध्ये गच्चीवरच्या लहानशा खोलीत राहिला. १९८४ मध्ये अपघात झाला, त्यानंतर मोठ्या कॅनव्हासवर बरीच वर्षं काम करता आलं नाही. २००१ मध्ये तो गेला तेव्हा बातमी फारशी कुणी दिली नाही. २०१३ मध्ये त्याच्या एका चित्राला मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपये आले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन झालं. मराठीत 'चिन्ह'च्या सतीश नाईकांनी त्याच्यावर ग्रंथ काढला, तो मिळाला तर जरूर वाचा.

अध्यात्माने गायतोंडेला दिली ती वाट बघायची सवय, चित्राचा विषय त्याने तिथून घेतला नाही. मी ज्या निष्कर्षाकडे येतोय तो याच्या आसपासचा आहे.

नावावरून धर्म, धर्मावरून चित्र

आता दोन मुसलमान नावं बघू. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्मला, चित्रकला शिकला नागपुरात आणि मग जे. जे.मध्ये. फाळणीनंतर घरची बरीच माणसं पाकिस्तानात गेली, हा राहिला. १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. पुढे साठ वर्षं तिथे काढली आणि जगभर ओळखला गेला तो 'बिंदू'साठी. लहानपणी त्याचं लक्ष वर्गात लागत नसे, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. बिंदूचं मूळ तो या आठवणीत सांगत असे. नमाज पढणारा, चर्चमध्ये जाऊन बसणारा, मंदिरातही जाणारा हा माणूस २०१६ मध्ये गेला आणि स्वतःच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन झाला.

दुसरा काश्मीरचा गुलाम रसूल. लग्नानंतर त्याने पत्नीचं नाव आपल्या नावापुढे लावलं आणि गुलाम रसूल संतोष झाला. बडोद्याला तो ना. श्री. बेंद्रे या मराठी चित्रकाराच्या हाताखाली शिकला. १९६४ च्या सुमारास अमरनाथच्या गुहेला जाऊन आल्यावर तो काश्मिरी शैव आणि तंत्रविचारात बुडाला, आणि आयुष्यभर शिव-शक्तीच्या आकृत्यांची अमूर्त चित्रं करत राहिला. काश्मिरीत कविताही लिहिल्या, त्यासाठी १९७९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

रझाला आणि संतोषला आपल्या तीन खान्यांपैकी कुठल्या खान्यात घालायचं? आपल्याच लोकांपैकी काहींना वाटतं की हे आपले राहिले नाहीत. दुसऱ्या बाजूच्या काहींना वाटतं, बघा, शेवटी आमच्याकडेच यावं लागलं. दोन्ही बोलणी मी कानांनी ऐकली आहेत. दोघांनाही चित्र दिसत नाही, फक्त हाजिरीबुक दिसतं.

आपल्या जिल्ह्यातले दोघे

आता घराजवळ येऊ. प्रभाकर बरवे १९३६ मध्ये रायगडातल्या नागावात जन्मले. जे. जे.नंतर विणकर सेवा केंद्रात नोकरी लागली, १९६० च्या दशकात बनारसला काही वर्षं काढली. तिथे तंत्रपरंपरेची चित्रं, यंत्रं, त्यांतले रंग बघितले आणि त्यांच्या कामात ते आलं. पण ते तिथे थांबले नाहीत. पुढे चिन्हं गळून पडली आणि साध्या वस्तू आल्या. पान, शिंपला, घड्याळ, किल्ली, रिकाम्या अवकाशात तरंगणाऱ्या. अर्थ काय, हे न सांगणाऱ्या. १९९० मध्ये त्यांचं 'कोरा कॅनव्हास' आलं. चित्रकाराने स्वतःच्या विचारप्रक्रियेबद्दल मराठीत इतकं स्वच्छ लिहिलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. १९९५ मध्ये ते गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा मी पनवेलहून हार्बर लोकलने दोनदा जाऊन आलो.

आणि नसरीन मोहमदी. १९३७ मध्ये कराचीत जन्म, १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. आई लहानपणीच गेली. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, मग बहारीनमध्ये वास्तव्य, पॅरिसमध्ये छापचित्रांचं काम. १९६० च्या दशकात मुंबईच्या भुलाभाई देसाई संस्थेत तिला गायतोंडे भेटला. ब्रीच कँडीच्या समुद्राला लागून असलेल्या त्या बंगल्यात चित्रकार, नाटकवाले, सतारिये शेजारी-शेजारी काम करत. १९७२ पासून ती बडोद्याच्या कला विभागात शिकवू लागली.

तिने रंग सोडला, कॅनव्हास सोडला. कागद, पेन्सिल, शाई आणि वास्तुरचनाकार वापरतात ती आखणीची साधनं एवढंच ठेवलं. हजारो सरळ रेषा. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे अर्ध्यात तुटणाऱ्या. चित्रांना नावं दिली नाहीत. फोटो काढले, पण हयातीत कधी दाखवले नाहीत. त्यांत फत्तेपूर सिक्रीचं दगडी अंगण आहे, वाळवंट आहे, ओसरलेल्या भरतीची वाळू आहे. शेवटची वर्षं मज्जासंस्थेचा असाध्य आजार तिला ग्रासत गेला, शरीरावरचा ताबा सुटत गेला. त्या शरीराने ती केसाएवढ्या बारीक रेषा ओढत होती. १९९० च्या मे महिन्यात किहीमला, आपल्या अलिबाग तालुक्यात, ती गेली. वय ५३. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नव्या जागेत दालन उघडलं ते तिच्या प्रदर्शनाने.

नसरीनबद्दल सगळ्यात सोपं स्पष्टीकरण हेच दिलं जातं. मुसलमान बाई, म्हणून रेषा, म्हणून जाळी, म्हणून इस्लामी भूमिती. त्यात तथ्यच नाही असं मी म्हणत नाही. फत्तेपूर सिक्री तिने डोळे भरून बघितली होती. पण तिच्या डायऱ्यांत क्ले आहे, कांडिन्स्की आहे, मालेविच आहे, रिल्के आणि कामू आहेत. इस्लामी नक्षी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, ती अनंताकडे जाते ती आवृत्तीतून. नसरीनची रेषा आवृत्ती मोडते. एका बाजूला ती गर्दी करते आणि दुसऱ्या बाजूला कागद कोरा सोडते. तिला मालेविचचा चौकोन जेवढा जवळचा, तेवढीच जाळी. आणि गायतोंडेचं झेनही.

शिवाय हुसेनही मुसलमानच होते, पंढरपूरचे. त्यांनी आयुष्यभर घोडे आणि माणसं रंगवली. बंदी हेच कारण असेल तर ते हुसेनना का लागू पडलं नाही? आणि गायतोंडेला मूर्ती मना नव्हती, मग त्याने ती का सोडली? नावावरून धर्म ओळखायचा आणि धर्मावरून चित्र वाचायचं, ही आपली सवय चित्रकाराच्या आयुष्यभराच्या मेहनतीवर पाणी ओतते.

किहीमची फेरी

गेल्या महिन्यात एका रविवारी भाचीला घेऊन बाइकवर किहीमला गेलो. पळस्पे, कर्नाळा, मग पेण. पेणला कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती ओळीने वाळत होत्या, रंग न दिलेल्या, पांढऱ्या. डोळे शेवटी रंगवतात, आखणी म्हणतात त्याला. तोवर ती मातीच. भाचीने थांबायला लावलं, एका कारागिराला विचारून पंधरा मिनिटं त्याचे हात बघत उभी राहिली. पुढे वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, चोंढी, आणि किहीम. याच गावात १९३० मध्ये सालिम अलींनी सुगरण पक्ष्याची घरटी महिनोन्महिने निरखून तिचं जगणं जगाला सांगितलं होतं. बघत बसण्याची किहीमला सवय आहे म्हणायची.

आम्ही कुणाचं घर शोधायला गेलो नव्हतो. ओहोटी होती. वाळूवर लाटांच्या मागे राहिलेल्या रेषा होत्या, एकापाठोपाठ एक, समांतर, मध्येच तुटलेल्या. मी फोनवर नसरीनचं एक रेखाटन काढून तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ कधी फोनकडे, कधी वाळूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामू, हिने वाळू काढलीच नाहीये." मी म्हटलं, "बरोबर. पण वाळू बघितल्याशिवाय हे काढता आलं असतं का?"

परत येताना तिला मी एवढंच सांगितलं. तुला रेषा काढायच्या असतील तर जरूर काढ, पण माणसं काढायची भीती वाटते म्हणून रेषा काढू नकोस. पळवाट म्हणून काढलेल्या रेषेत जीव नसतो. गायतोंडेने आकृती पुरी जाणली आणि मग सोडली. नसरीनने रंग हाताळले आणि मग ठेवून दिले. कांडिन्स्कीने घोडेस्वार रंगवले, मोंड्रियानने झाडं. सोडायला आधी हातात काही असावं लागतं. सूफी ज्याला तजरीद म्हणतात तीही अशीच असते, रिकाम्या माणसाला ती करता येत नाही.

आणि चाचांना? त्यांच्याशी मी वाद घातला नाही. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा अबुल फजलने लिहून ठेवलेलं अकबराचं म्हणणं सांगितलं, चित्रकाराला शेवटी प्राण देणाऱ्याची आठवण होते ते. ते म्हणाले, "अकबराचं काय सांगतोस, त्याने तर दीनच नवा काढला होता." मी हसलो, तेही हसले. चहा झाला. निघताना त्यांनी विचारलं, "फॉर्म कधी भरायचाय तिचा?"

त्यांनी होकार दिला असं मी म्हणणार नाही. पण वही मिटली होती तेवढ्याच हळू आवाजात त्यांनी हे विचारलं होतं. फॉर्म जूनमध्ये निघतील. तोवर ती रोज संध्याकाळी बाजारपेठेत बसून माणसं काढतेय.